फटींचं बिल

भोसरीत समुद्र नाही.
लेथची घरघर आहे, शेजारी पावडर कोटिंग,
शटरसमोर सांडलेल्या कटिंग ऑइलचं
रंगीत थारोळं. तेवढंच पाणी.

तिथं मिरकरवाड्याहून लतीफ होडेकर आला,
रात्रीच्या एसटीनं, काखेत कागदाची गुंडाळी.
म्हणाला, जाळ्यात बसवायची जाळी पाहिजे.
मी म्हटलं, आम्ही खिडक्यांच्या करतो,
जिन्याचे कठडे, फार तर देवळाचं दार.
तो म्हणाला, दारच आहे.
कासवासाठी.

अंडाकृती चौकट, सव्वातीन फूट उंच,
उभ्या सळ्या, मधे वीतभराहून कमी फट.
कोळंबी फटीतून जाईल मागच्या खोळीत,
कासव सळ्यांवर आदळून वर सरकेल,
वर झडप,
झडपेबाहेर त्याचं त्याचं पाणी.
कोन चुकला तर मात्र तिथंच गुदमरेल, मिस्त्री.
त्यालाही श्वास घ्यायला वर यावं लागतं.

हे मला माहीत नव्हतं.
मी कोन तीनदा मोजला.

चाचणीला जाळी टेकवली भिंतीला तिरकी.
वरून ओतले बारा नंबरचे नट. गेले आरपार.
मग चांगदेवचं हेल्मेट घेतलं
(पुण्यात त्याचा तो पहिलाच उपयोग)
आणि सोडलं.
घसरत, खडखडत, थेट माझ्या डब्यावर.
समुद्रात वर जाईल, इथं खाली आलं,
तेवढा फरक चालेल म्हटलं.

रविवारी जमना परदेशीकडून किलोभर कोळंबी.
आजवर मी कधी तिच्या पाटीच्या तळाशी बघितलं नव्हतं.
बर्फाच्या चुऱ्यात करंगळीएवढे बोंबील,
तिकिटाएवढा लेप,
एक खेकडी, जिला अजून कवच धरायचं होतं,
आणि काहीतरी, ज्याला तिच्याकडेही नाव नव्हतं.
"हे? हा कुटा. निवडताना राहिला.
बंदरावर ढीग असतात. वाळवतात,
कोंबड्यांच्या खाद्यात जातो."
म्हणजे सकाळच्या माझ्या भुर्जीतही
थोडा समुद्र होता.

रात्री होडेकरला फोन लावला.
ही पोरंही सुटतील ना आपल्या जाळीतून?
तो हसला नाही.
म्हणाला, जिथून कोळंबी जाते तिथून तीही जातात.
त्यांच्यासाठी मागच्या खोळीचा आस चौकोनी पाहिजे.
आत्ता शंकरपाळ्यासारखा आहे, ओढला की मिटतो.
घरात कांद्याची पिशवी आहे?
दोन टोकांना धरून ओढा.

मी स्वयंपाकघरात उभा राहून ओढली.
सगळे डोळे मिटले एकदम.
बायको म्हणाली, कांदे कुठे ओतलेत?

मग चौकोनी आस का नाही लावत, विचारलं.
तो थोडा वेळ गप्प.
पाठीमागे इंजिनाची टकटक.
"कुटा खलाशांचा असतो, मिस्त्री. वरकमाई.
मालकाला कासव सोडायला सांगणं सोपं,
पोराच्या फीचे पैसे समुद्रात सोड
हे नागेशला मी कोणत्या तोंडानं सांगू?
बोलतोय. एका बोटीवर बोलतोय."

दिवाळीनंतर त्याचा फोटो आला.
डेकवर कोळंबीचा ढीग, चार सौंदाळे, एक प्लास्टिकची चप्पल.
खाली लिहिलं होतं, कासव नाही.
मी विचारलं, सुटलं की आलंच नव्हतं?
ते कोणाला कळणार, तो म्हणाला.

पैसे अजून निम्मे बाकी आहेत.
बिलात मी सळ्यांचं वजन लावलं,
वेल्डिंगची मजुरी, बफिंग, रत्नागिरीपर्यंतचा टेम्पो.
फटींचं काय लावायचं, ते सुचलं नाही.
ती ओळ रिकामी ठेवली आहे,
आणि कांद्याची पिशवी शटरमागच्या खिळ्याला,
चांगदेवच्या हेल्मेटशेजारी.
येता जाता तो तिला उगीच ओढून बघतो.